मार, पिवळाच आहे!

१९२० साली अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरात विल्यम पॉट्स या पोलिसाने लाल-हिरव्याच्या जोडीला पिवळा दिवा आणला. हेतू सरळ होता: थांबायला चालकाला दोन-चार सेकंद मिळावेत. पॉट्ससाहेब पुण्यात आले नाहीत, हे एका परीने बरेच झाले.

नियम असा की पिवळा लागला की थांबरेषेच्या अलीकडे थांबायचे. रेषा ओलांडली असेल, किंवा इतके जवळ आला असाल की करकचून ब्रेक मारणेच धोक्याचे ठरेल, तरच पुढे जायचे. आपण त्यातला अपवाद तेवढा पाठ केला. नळ स्टॉप चौकाच्या अलीकडे अर्ध्या फर्लांगावर असलेल्या स्कूटरलाही आता थांबणे धोक्याचे वाटू लागते. मागे बसलेल्या काकू पिशवी पोटाशी धरून हुकूम सोडतात, "मार, मार, पिवळाच आहे!" आणि काका मूठ पिळतात.

चुकून कोणी थांबलाच, तर मागचा रिक्षावाला हॉर्न वाजवून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो.

आडव्या रस्त्यावरचे तरी कुठे मागे आहेत? लालाचे आकडे तीनवर आले की त्यांची पुढची चाके झेब्रा पट्ट्यांवर. मग उशिरा निघालेले आणि लवकर निघालेले चौकाच्या मधोमध भेटतात आणि परस्परांना वाहतुकीचे नियम शिकवतात.

माझी नम्र सूचना: पिवळा दिवा काढूनच टाकावा. वीज वाचेल, आणि सिग्नल तोडणाऱ्याला "साहेब, पिवळा होता" हे खोटे तरी बोलावे लागणार नाही.