पावाच्या डब्याचं इंटरनेट

कमोडोर ६४ या घरगुती संगणकाला जर्मन लोक लाडानं ‘ब्रोटकास्टन’ म्हणतात. म्हणजे पावाचा डबा. दिसतोही तसाच, फुगीर आणि मातकट. आपल्याकडे आला असता तर पोळ्यांचा डबा म्हणवला असता, आणि आईनं आत फडकं अंथरलं असतं.

हा डबा १९८२ सालचा. मेमरी ६४ किलोबाइट. सुरू केला की निळ्या पडद्यावर स्वतःच सांगतो, बेसिक या प्रोग्रामिंगच्या भाषेसाठी ३८,९११ बाइट मोकळे आहेत. इतक्या प्रामाणिकपणे आपली ऐपत सांगणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही. मावशी रोज सकाळी पाठवते तो गुलाब यात मावायचा नाही.

म्युनिकमध्ये २००० सालापासून जुन्या संगणकांची जत्रा भरते. तिथं एका आजोबांनी या डब्याला नेटवर्कचं कार्ड खोचून इंटरनेटवरचं पान उघडलं होतं. चित्रं नाहीत. ४० अक्षरांच्या ओळी, पडद्यावर २५. आतली प्रणाली ‘कॉन्टिकी’. स्वीडनच्या अॅडम डंकेल्सनं ती २००३ साली आणली आणि नॉर्वेचा साहसवीर हायरडाल १९४७ साली ज्या तराफ्यावरून पॅसिफिकमध्ये शिरला त्याचं नाव तिला दिलं. नंतर जर्मनीतल्या नि इतर ठिकाणच्या हौशी मंडळींनी, कुणी दमडी देत नसताना, ती सांभाळली. चार माणसांच्या आमटीत पाणी घालून पंधरा पाहुणे जेववावेत, तसं सगळं इंटरनेट एवढ्याशा मेमरीत बसवायचं. ही काटकसर पुढे कामी आली: कॉन्टिकी नंतर बारक्या बिनतारी सेन्सरांमध्ये जाऊन बसली.

पण आजोबा खुलले ते जुन्या आठवणीनं. तेव्हा तिथंही आपल्यासारखाच टेलिफोन पोस्टखात्याचा. मंजुरीचा शिक्का नसलेलं यंत्र फोनला जोडणं गुन्हा! मग बर्लिनमध्ये १९८१ साली जमलेल्या ‘केऑस कॉम्प्युटर क्लब’ या हॅकर मंडळींनी घरच्या घरी जोडायच्या यंत्राचा आराखडाच काढला. फोनचा रिसीव्हर दोन रबरी वाट्यांत उपडा घालायचा, संगणक त्यात शिट्ट्या मारणार, पलीकडचा संगणक त्या ऐकणार. त्या वाट्या म्हणजे संडासाच्या नळजोडणीची रबरं. म्हणून यंत्राचं नाव ‘डाटेनक्लो’, डेटाचा संडास. शिस्तप्रिय देशानं कायदा मोडतानासुद्धा वस्तूला अचूक नाव दिलं, हे मला फार आवडलं.

त्या काळच्या अशा यंत्रांचा वेग ३०० बॉड, म्हणजे सेकंदाला जेमतेम ३० अक्षरं. पत्र उमटत जाई तसंतसं वाचता येई. आमच्याकडे तेव्हा ट्रंक कॉल लावून सगळी आळी जागी करायचे. त्यापेक्षा हे बरंच सभ्य.

“पण अहो, आता कशाला हा खटाटोप?” मी विचारलं.

“जमतं म्हणून,” ते म्हणाले, आणि पुढलं पान उघडायला लागले. माझी कॉफी गार झाली तरी ते अर्धंच आलं होतं.

जाता जाता एक. आपल्याकडे १९८६ साली डेसिबेल्स कंपनीनं ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ हा घरगुती संगणक विकायला काढला होता. कुणाच्या माळ्यावर असेल तर भंगारवाल्याला हाक मारू नका. स्पेक्ट्रमला बोलतं करणारी माणसंही आहेत.