झारा कुणाचा?

लग्नाचा आचारी ठरला की खानदेशात तो आधी यादी सांगतो. तूरडाळ इतकी, बट्टीचं पीठ इतकं, तेलाचे डबे, सरपण, पातेली. सामान यजमानाचं, रांधणं त्याचं. डाळ शहाद्याहून आली की दोंडाईच्याहून, त्याला काय त्याचं! नंदुरबारच्या इंजेक्शनवाल्या भाऊंना असा आचारी दिसला की भरून येतं.

भाऊ डॉक्टर नव्हेत. पुण्यात सहा-सात वर्षं काढून, घरून काम मिळताच गावी परतलेल्या जावास्क्रिप्टवाल्यांपैकी ते एक. असा एखादा आता तालुक्यालाही सापडतो. त्यांचं दैवत 'डिपेंडन्सी इंजेक्शन'. क्लासला जे लागतं ते त्यानं आत स्वतः घडवायचं नाही, बाहेरून हातात द्यायचं. मार्टिन फाउलर यांच्या २००४ च्या लेखानं हे नाव रूढ केलं. क्लासच्या पोटात कुणी 'न्यू' लिहिलेलं दिसलं, की चपला घालून कुणी देवघरात शिरल्यासारखा भाऊंचा चेहरा होतो.

ही भक्ती उगाच जडलेली नाही. मिरचीच्या एका व्यापाऱ्यासाठी त्यांनी पावतीचं ॲप केलं होतं. माल काट्यावर चढला की पावती बने आणि शेतकऱ्याला एसएमएस जाई. एसएमएस पाठवणारा भाग पावतीच्या क्लासनं आतच बनवलेला. एका रात्री भाऊंनी टेस्ट चालवल्या आणि खऱ्या शेतकऱ्यांना खरे निरोप गेले: तुमची शून्य किलो मिरची मिळाली. पहाटे व्यापाऱ्याच्या मिरचीच्या पथारीवर माणसं जमली.

मग कन्स्ट्रक्टरमध्ये तीन गोष्टी बाहेरून आल्या: काटा, निरोप्या आणि घड्याळ. टेस्टच्या वेळी निरोप्या खोटा. तो निरोप नुसते एका ॲरेत जमा करतो. घड्याळात कायम सकाळचे दहा. पावतीच्या क्लासला फरक कळतही नाही. इथवर भाऊंचं शंभर टक्के बरोबर होतं.

पण मग चढलं. आडतीची टक्केवारी काढणारं दोन ओळींचं फंक्शन. त्यालाही इंटरफेस, टोकन, प्रोव्हायडर आणि मॉड्यूल. टाइपस्क्रिप्टचा इंटरफेस जावास्क्रिप्ट होताना नाहीसा होतो, म्हणून त्याच्या जागी टोकन ठेवावं लागतं, हे ते शेजारच्या किराणावाल्याला समजावतात. तो बिचारा मान डोलावत साखर बांधतो. खरं तर जावास्क्रिप्टमध्ये फंक्शनला फंक्शन देता येतं, तेवढ्यानं बरंचसं काम भागतं. पण ते भाऊंना सांगणार कोण?

जुन्या अँग्युलरजेएसची गोष्ट मात्र त्यांच्याकडूनच ऐकावी. तिथं फंक्शनच्या कंसातली नावं वाचून इंजेक्टर सामान आणून देई. पुढे फाइल लहान करणाऱ्या अवजारानं त्या नावांची 'ए', 'बी' केली की सगळं ठप्प. "यादीत तूरडाळीला नुसतं 'त' लिहा आणि तेलालाही 'त'. दुकानदार देणार काय?" म्हणून नावं अवतरणचिन्हांत वेगळी लिहून ठेवावी लागत. एवढं सोपं कुठल्या पुस्तकात सापडायचं नाही.

घरीही हाच खाक्या. पेन, छत्री, चार्जर, काहीही ते स्वतःजवळ ठेवत नाहीत, मागतात. "मी फक्त काय लागतं ते जाहीर करतो," असं म्हणतात. बायकोनं एकदा चहाला नुसता रिकामा कप दिला आणि दूध, साखर, पत्ती जाहीर करायला सांगितलं.

धाकट्या बहिणीच्या लग्नात भाऊंनी यादी टाइप करून घेतली आणि एकूण एक जिन्नस चुलीपाशी मांडला. आचाऱ्यानं सगळं निरखलं, मान हलवली आणि पिशवीतून स्वतःचा झारा काढला. भाऊंनी नवा कोरा झारा पुढे केला. तो त्यानं बाजूला ठेवला.

"झारा मन्हाच लागस, भाऊ."

भाऊ बराच वेळ चुलीपाशी उभे होते. धूर डोळ्यांत जात होता. आतून तीनदा बोलावणं आलं तेव्हा ते हलले, आणि जाता जाता हळूच विचारून गेले, "पण उद्या तुमच्या हाताखालचा पोऱ्या रांधायला आला तर?"