लढतशास्त्री

कॉमिक्समधला जादूगार डॉक्टर स्ट्रेंज आणि हातातून ऊर्जेचे झोत सोडणारा सिल्व्हर सर्फर यांची जुंपली तर कोण जिंकेल, हा प्रश्न तुम्हाला कधी पडला नसेल. लढतशास्त्र्याला तो रोज पडतो. वय चाळिशीपार, नोकरी बँकेत, डोक्यावर गृहकर्ज. पण चिंता सगळी विश्वांची, आणि तीही एकाहून जास्त.

लहानपणी त्याने इंद्रजाल कॉमिक्समधल्या मँड्रेक या जादूगारावर जीव टाकला होता. आज मात्र तो मँड्रेकला उभाही करत नाही. "अरे, ती नजरबंदी! मंत्र कुठाय त्यात?"

त्याला निकाल विचारावा, तर आधी अटी येतात. मैदान कुठलं? तयारीला वेळ किती? स्ट्रेंज कुठला घ्यायचा, 1963चा, स्टीव्ह डिटकोने काढलेला, की सिनेमातला? मग मुद्दा श्वासावर येतो. ऊर्जावाल्याचं सोपं असतं, हात पुढे केला की झोत सुरू. जादूगाराला आधी मंत्र म्हणावा लागतो. झटाना ही जादूगारीण तर शब्द उलटे म्हणते. तिचं तोंड दाबलं की खेळ खलास. एवढं कबूल करूनही हा शेवटी जादूच्याच बाजूने उभा राहतो. "ऊर्जा नियमाने चालते, जादू नियमच मोडते. सुपरमॅनसुद्धा जादूपुढे कच्चा आहे, बोला!" आपण काय बोलणार?

1996 साली मार्व्हल आणि डीसी या दोन कॉमिक्स कंपन्यांनी एका मालिकेत आपापले वीर खरोखरच भिडवले आणि पाच लढतींचा निकाल वाचकांच्या मतांवर सोडला. त्यात स्टॉर्मने वंडर वुमनला हरवलं. ते आठवलं की हा अजून तडकतो. "मतदान? उद्या गुरुत्वाकर्षणावर घ्या मतं!" त्याच मालिकेत सर्फरने ग्रीन लँटर्नला लोळवलं, ते लेखकांनी ठरवून. तो निकाल मात्र याला मान्य आहे. मुळात जिंकतो तो लेखकाला हवा असतो तोच, हे सत्य त्याच्यासमोर उच्चारू नये. चहा अर्धवट टाकून निघून जातो.

परवा भाच्याच्या हळदीला त्याने मला गाठलंच. प्रश्न होता जादूगार डॉक्टर फेट विरुद्ध अंगठीवाला ग्रीन लँटर्न. पुरी म्हणजे फेटचं सोनेरी शिरस्त्राण, जिलबी म्हणजे लँटर्नची अंगठी, अशी मांडणी ताटातच झाली. अंगठीचे दोष सांगताना तर तो रंगात आला. जुन्या कथांतल्या लँटर्नची, म्हणजे हॅल जॉर्डनची, अंगठी पिवळ्या रंगापुढे चालत नसे, आणि त्याच्याही आधीच्या, 1940च्या लँटर्नची, म्हणजे ॲलन स्कॉटची, लाकडापुढे.

मागे घाणा भरायची तयारी चालली होती. आत्या मुसळाला आंब्याचा डहाळा बांधत होत्या. त्यांनी मान वर केली. "पिवळ्यापुढे एक जण गार, लाकडापुढे दुसरा?"

"हो ना, आत्या."

"मग तुझ्या त्या डॉक्टरला कशाला बोलावतोस? एकाला हळद लावते, दुसऱ्याला हे मुसळ दाखवते."

हशा पिकला. लढतशास्त्री हसला नाही. त्याने जिलबी खाली ठेवली, मुसळाकडे निरखून पाहिलं आणि विचारलं, "तयारीला वेळ किती धरायचा?"