उशिरा आणि कमी दाबाने

पुण्यात गुरुवारी पाणी येणार नसेल तर ते दोन दिवस आधी पेपरात येते. पर्वतीची कुठली टाकी, वडगावचे कुठले केंद्र, कुठल्या पेठा कोरड्या, सगळे नावानिशी. आणि खाली 'शुक्रवारी सकाळी पाणीपुरवठा उशिरा व कमी दाबाने होईल' ही नम्र ओळ. तिच्या भरवशावर बुधवारी रात्री घरोघरी पातेलीसुद्धा भरली जातात. पगार बंद होणार असेल तर मात्र ते कुठल्या खात्याने छापायचे, हे अजून ठरलेले नाही. ठरले तर मजकूर तयार आहे : 'तांत्रिक देखभालीच्या कामामुळे हिंजवडी टप्पा १, २ व ३ येथील नोकऱ्या सोमवारी बंद राहतील. नागरिकांनी हप्ते जपून भरावेत.'

जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सांगितले, की जगभरातले दोन टक्के, म्हणजे १२ हजारांहून अधिक कर्मचारी कमी करणार. त्यात पुण्याचे किती? 'नाइट्स' या आयटी कर्मचाऱ्यांच्या संघटनेने मुख्यमंत्र्यांना पत्र लिहिले, की एकट्या पुण्यात अडीच हजार जणांना राजीनामे द्यायला लावले. कंपनी म्हणाली, आकडा चुकीचा. आता पडताळायचे कुठे? पेपरात तर पाण्याचीच यादी येते.

अमेरिकेत १९८८ पासून कायदा आहे. शंभर किंवा जास्त माणसे असलेल्या कंपनीने मोठी कपात साठ दिवस आधी कळवायची, सरकारलाही. न्यू जर्सीने २०२३ मध्ये साठाचे नव्वद केले. अशा नोटिसांच्या याद्या तिथली बरीच राज्ये लोकांसमोर ठेवतात. त्यामुळे न्यू जर्सीतल्या एडिसनला असलेल्या मुलाच्या कंपनीत काय शिजते आहे ते कोथरूडच्या आईबाबांना मोबाइलवर दिसू शकते. हिंजवडीला जाणाऱ्या धाकट्याचे कळायला तो सोमवारी अकरा वाजता हाफपँटमध्ये भाजी निवडताना सापडावा लागतो.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात शंभर कामगारांचा कारखाना बंद करायचा तर नव्वद दिवस आधी सरकारकडे परवानगीचा अर्ज करावा लागे. २१ नोव्हेंबर २०२५ ला नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आणि शंभराचे तीनशे झाले. २९९ जणांच्या कारखान्याने आता परवानगी मागायचे कारण नाही. जुन्या कायद्याच्या काळात तळेगावच्या जनरल मोटर्समध्ये डिसेंबर २०२० ला उत्पादन थांबले, एप्रिल २०२१ मध्ये १,४१९ कामगारांच्या हाती ले-ऑफची नोटीस पडली. भांडण कोर्टात गेले, कारखाना ह्युंदाईकडे गेला. पण कोर्टात दाखवायला कामगारांकडे निदान कागद होता.

आयटीवाला कारखान्यात नाही, म्हणून त्याला ती परवानगीची तरतूद लागू नाही. शिवाय टीम लीड, मॅनेजर अशी बिरुदे त्याने हौसेने लावून घेतलेली. नव्या संहितेत देखरेखीचे काम करून महिना १८ हजारांवर वेतन घेणारा 'कामगार'च नव्हे. इतक्या स्वस्तात मालकवर्गात बढती जगात कुठे मिळत नसेल.

आणि कागद इथेही असतो, फक्त तो उलट्या दिशेने जातो. स्वतःहून सोडायचे म्हटले तर आयटीत बहुतेकांना तीन महिन्यांची नोटीस द्यावी लागते. नाही दिली तर पगार कापतात. कंपनीला काढायचे असेल तर जेवणाच्या सुट्टीआधी काम आटोपते. छोट्या खोलीत एचआरची मुलगी पाण्याचा ग्लास पुढे करते, मग लॅपटॉप. राजीनाम्याचा मजकूर तयारच असतो : 'वैयक्तिक कारणास्तव'. एकाच आठवड्यात एका मजल्यावरच्या एवढ्या चाळिशी उलटलेल्यांना एकदम वैयक्तिक कारणे कशी निघाली, असे कुणी विचारत नाही. विचारले तर रिलीव्हिंग लेटर अडते आणि त्या पत्राशिवाय पुढची कंपनी दारात उभे करत नाही. सही झाली की उरतो शेवटचा फॉर्म. कंपनीत काय आवडले, एक ते पाच गुण द्या. पुन्हा आमच्याकडे काम करायला आवडेल का? हा रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढे सरकत नाही.