चिठ्ठीवाले सर

नव्या मुंबईत पत्ता सांगताना लोक आधी सेक्टरचा आकडा सांगतात, आणि समोरचा गोंधळला की मेडिकलचं नाव सांगतात. 'अमुक मेडिकल आहे ना, त्याच्या वरती दुसरा मजला.' रिक्षावाल्यापासून लग्नपत्रिकेच्या नकाशापर्यंत सगळ्यांना मेडिकल ठाऊक असतं. मात्र त्या मेडिकलच्या आत फार्मासिस्ट नावाचा एक माणूस असतो, किंवा असायला हवा, याचा पत्ता कुणाला नसतो.

फार्मासिस्ट दोन प्रकारचे आढळतात. एक भिंतीवरचे आणि दुसरे खुर्चीवरचे. भिंतीवरचा फार्मासिस्ट म्हणजे काचेच्या फ्रेममधलं नोंदणी प्रमाणपत्र. ते गणपती आणि लक्ष्मीच्या मधोमध टांगलेलं असतं, उदबत्तीचा धूर खाऊन पिवळं पडलेलं असतं. मूळ माणूस गावाकडे द्राक्षबाग बघत असतो, किंवा दुसऱ्याच एखाद्या नोकरीत असतो, आणि महिन्याच्या महिन्याला प्रमाणपत्राचं भाडं घेतो. १९४८ च्या फार्मसी कायद्याला हे मान्य नाही. औषध नोंदणीकृत फार्मासिस्टच्या देखरेखीखालीच दिलं गेलं पाहिजे, असं कायदा म्हणतो. पण देखरेख भिंतीवरून करायची की खुर्चीतून, हे प्रत्येकाने आपापल्या सोयीने ठरवलं होतं. २०११ नंतर अन्न व औषध प्रशासनाचे आयुक्त म्हणून महेश झगडे आले आणि त्यांनी 'फार्मासिस्ट कुठे आहे?' असा साधा प्रश्न दुकानोदुकानी विचारायला लावला. प्रश्न इतका साधा होता की राज्यातल्या केमिस्ट संघटनांनी थेट बंदची भाषा सुरू केली. त्या धामधुमीत बरेच फार्मासिस्ट फ्रेममधून उतरून खाली येऊन बसले. काही पुन्हा वर गेले, तो भाग निराळा.

आमचे सर मात्र पहिल्यापासून खुर्चीवरचे. सर म्हणजे कुणी एक गृहस्थ नव्हेत. नेरूळ, सानपाडा, कोपरखैरणे, खारघर, कुठल्याही नोडमध्ये दोन-चार सेक्टर पायी फिरलात तर एखादे सर भेटतातच. त्यांना 'मेडिकलवाले भाऊ' म्हणायला जीभ रेटत नाही, कारण ते गिऱ्हाइकाला आधी प्रश्न विचारतात आणि मग औषध देतात. प्रश्न विचारतो तो सर, असा आपल्याकडे शाळेपासूनचा समज आहे.

त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला. "चिठ्ठी आहे का?"

या प्रश्नाने सेक्टरमधल्या अर्ध्या लोकांशी त्यांचं वाकडं आहे. लोकांची मागणी तशी फार नसते. 'ती गुलाबी गोळी द्या', 'मागच्या वेळी दिलेली तीच', 'मिसेसना पण हीच लागू पडली होती'. काही जण मोबाइल काढून रिकाम्या स्ट्रिपचा फोटो दाखवतात. फोटोत ब्रँडच्या नावावर अंगठा आलेला असतो. एपीएमसीतला माथाडी कामगार रात्री दहाला येतो आणि म्हणतो, "सर, अंग मोडून आलंय, एक पुडी बांधा." सर पुडी बांधत नाहीत. ताप किती दिवस आहे, लघवीला नीट होते का, दुसरं काही औषध चालू आहे का, हे विचारून पॅरासिटामॉलची एक स्ट्रिप देतात आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही तर डॉक्टरकडे जा म्हणतात. तो माणूस स्ट्रिप खिशात टाकून पलीकडच्या मेडिकलमध्ये जातो आणि पुडी घेऊन घरी जातो.

अँटिबायोटिक मागणाऱ्यांशी गाठ पडली की मग बघायलाच नको. सेफिक्झिमसारखी औषधं 'एच वन' परिशिष्टात मोडतात. २०१४ पासून ती देताना रजिस्टरात नोंद करावी लागते आणि ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. सर रजिस्टर उघडतात, पेनाचं टोपण काढतात.

"पेशंटचं नाव?"

"कशाला?"

"लिहावं लागतं. डॉक्टरांचं नाव, तुमचं नाव, औषध, किती गोळ्या."

"अहो, घशाची गोळी मागतोय. बंदुकीचं लायसन नाही मागत."

सरांच्या मते, अँटिबायोटिकच्या बाबतीत दोन्हींत फरक फारसा नाही. हे ते समजावून सांगायला लागतात आणि तोवर मागच्या रांगेतल्या माणसाची ठाण्याची लोकल सुटते.

सरांचं शिक्षण या काउंटरसाठी झालं, असं म्हणणं धाडसाचं ठरेल. बेलापूरला भारती विद्यापीठाचं फार्मसी कॉलेज आहे, नेरूळला डी. वाय. पाटील आहे. अशाच एखाद्या कॉलेजात त्यांनी चार वर्षं काढली. तिथे त्यांनी लवंगेचे आडवे छेद घेतले, सूक्ष्मदर्शकाखाली धोतऱ्याची पानं पाहिली, आणि जर्नलमध्ये त्यांच्या इतक्या देखण्या आकृत्या काढल्या की आई आल्यागेल्याला ते जर्नल दाखवायची. खलात तेल आणि डिंक घोटून इमल्शन केलं. घोटण्याची दिशा बदलली की सगळं फाटतं, हे ज्ञान त्यांच्या मनगटात अजून आहे. त्याचा उपयोग पुढे त्यांनी फक्त घरी मेयोनीज करताना केला. दवाखान्यातला जुना कंपाउंडर निदान लाल औषध ढवळायचा, बाटलीला कातरलेली कागदी पट्टी लावून डोस दाखवायचा. सरांच्या वाट्याला आल्या त्या तयार स्ट्रिपा आणि कात्री.

त्यांच्या वर्गातले बाकीचे पांगले. काही ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या औषध कारखान्यांत क्वालिटी कंट्रोलला लागले, काही बॅग घेऊन एमआर झाले. नंतरची पिढी वातानुकूलित आयटी पार्कांत बसून परदेशातल्या रुग्णांना कुठल्या गोळीने काय त्रास झाला याच्या नोंदी तपासते. त्याला फार्माकोव्हिजिलन्स म्हणतात. न्यू जर्सीतल्या बाईच्या अंगावर उठलेलं पुरळ असं नव्या मुंबईत रीतसर नोंदलं जातं. नेरूळच्या बाईच्या अंगावरचं पुरळ शेजारीण बघते आणि कैलास जीवन लाव म्हणून सांगते. सरांना वाटलं, या बाईकडे कुणीतरी बघायला हवं. त्यांनी दुकान टाकलं.

२०१५ मध्ये फार्मसी कौन्सिलने 'फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्स' आणली. रुग्णाला औषध कसं घ्यायचं ते समजावणं, म्हणजेच समुपदेशन, हे फार्मासिस्टचं काम आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं आहे. ती नियमावली अथपासून इतिपर्यंत वाचलेले आमच्या सेक्टरात बहुधा सर एकटेच. दुसऱ्याच दिवसापासून त्यांनी पांढरा कोट चढवला, खिशावर नाव आणि नोंदणी क्रमांकाची पट्टी लावली. परिणाम असा झाला की लोक काउंटरवर येऊन जीभ दाखवू लागले. एका आजींनी तर हात पुढे करून नाडी बघायला सांगितली. आणि त्याच आजींना दुसऱ्या दिवशी सरांनी "ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायची बरं का" असं सांगितलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "ते डॉक्टर सांगतील. तू पिशवी दे."

सरांचं सगळं दुखणं या एका गोष्टीत आहे. चिठ्ठी नसली की लोक त्यांना डॉक्टर समजतात, आणि चिठ्ठी असली की वाणी.

तरी सर समुपदेशन सोडत नाहीत. थायरॉइडची गोळी नेणाऱ्या वहिनींना ते विचारतात, "कशाबरोबर घेता?"

"चहाबरोबर."

"उपाशीपोटी, नुसत्या पाण्याबरोबर घ्यायची. पुढे निदान अर्धा तास काही नको."

"चहासुद्धा नको?"

"चहासुद्धा नको."

"पण मी बिनसाखरेचा घेते."

ओआरएसची पुडी एक लिटर पाण्यात घालायची असते. लोक ती कपभर पाण्यात घालून बाळाला पाजतात आणि 'खारट लागतं, बाळ पीत नाही' म्हणून परत घेऊन येतात. सर्वांत रम्य प्रकार दम्याच्या कॅप्सूलचा. ती यंत्रात घालून ओढायची असते. एक आजोबा कित्येक महिने ती पाण्याबरोबर गिळत होते. सरांनी विचारलं, फरक पडतोय का? आजोबा म्हणाले, "दमा आहे तसाच आहे, पण पोट साफ होतं." सरांनी त्यांना यंत्र उघडून दाखवलं, श्वास सोडायला लावला, ओढायला लावला, दहापर्यंत आकडे म्हणत रोखायला लावला, वर चूळ भरायची आठवण केली. पाच जण खोळंबले. सहावा म्हणाला, "सर, क्लासची फी किती?"

सर तसे छळवादी आहेत, हेही सांगितलं पाहिजे. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याने गोळ्यांची डबी उघडली की सरांचा घास हातातच राहतो. "ही मेटफॉर्मिन ना? मग आत्ता कशाला, पहिला घास जाऊ दे." वर्गमित्रांच्या स्नेहसंमेलनात ते तारखा उलटलेली आयड्रॉप्स गोळा करतात. कुणी 'पॅन्टॉप' म्हटलं की 'पॅन्टोप्राझोल' असं दुरुस्त करतात. अर्धी स्ट्रिप मागितली तर मुदतीची तारीख छापलेलं टोक राखून दुसऱ्या टोकाकडून कापतात आणि तसं का, हेही सांगतात. घरी मात्र त्यांचं काही चालत नाही. बायकोच्या अर्धशिशीवर शेवटचा शब्द साताऱ्याच्या मावशींचा असतो.

दुकानातला पोऱ्या या सगळ्याला वैतागलेला आहे. तो बारावी नापास, पण कुठल्याही डॉक्टरचं अक्षर लावतो. खरं तर तो अक्षर वाचतच नाही, डॉक्टर ओळखतो. हा डॉक्टर असेल तर या पाचांपैकीच औषध, तो असेल तर त्या सातांपैकी. डॉक्टरांनी औषधाचं नाव सुवाच्य आणि शक्यतो मोठ्या लिपीत लिहावं, असा नियम २०१६ मध्ये झाला. पोऱ्याला वाटलं आपली नोकरी गेली. अजून तरी काही धोका दिसत नाही. शंका आली की सर मात्र अंदाज करत नाहीत, डॉक्टरांना फोन लावतात. डॉक्टर फोन घेत नाहीत. सर पुन्हा लावतात.

असाच एक फोन त्यांनी मागच्या पावसाळ्यात लावला होता. एका मुलाने येऊन आईची पिवळी गोळी मागितली. संधिवातावरची मेथोट्रेक्सेट. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली तर रक्तातल्या पेशी खाली येतात, तोंड सोलवटतं, माणूस दगावूही शकतो. चिठ्ठीवर 'आठवड्यातून एकदा' असं होतं. मुलाकडे पैसे होते, चिठ्ठी होती, घाई होती. द्यायला हरकत काहीच नव्हती. पण दहा गोळ्यांची स्ट्रिप सरांच्याच दुकानातून गेली होती. ती दहा आठवडे पुरायची. मुलगा आठव्या दिवशी आला होता.

"आधीच्या कुठे गेल्या?"

"संपत आल्या. दोनच उरल्यात."

सरांनी बिल पुन्हा पाहिलं, कात्री खाली ठेवली आणि विचारलं, "आईच्या तोंडात फोड आलेत का?" मुलगा म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं? उष्णता झालीये. गुलकंद देतोय." सरांनी त्या दिवशी रांगेतल्या कुणाकडे पाहिलं नाही. डॉक्टर फोन घेईपर्यंत लावला, मुलाला रिक्षात बसवलं, उरलेल्या दोन गोळ्या बरोबर न्यायला सांगितल्या. बाईंना दवाखान्यात ठेवावं लागलं, पण बऱ्या झाल्या. पेढे डॉक्टरांकडे गेले. सरांकडे मुलगा आला तो गोळ्यांचं बिल विम्यासाठी पुन्हा छापून मागायला.

हे सगळं फुकट. शिवाय पलीकडच्या दुकानावर '२० टक्के सूट' अशी लाल पाटी. किंमत बांधून दिलेल्या सरकारी यादीतल्या औषधांवर किरकोळ विक्रेत्याचा नफा १६ टक्के धरलेला असतो. त्यातून वीस टक्के कसे वजा करायचे, हे गणित सरांना बी.फार्मला नव्हतं. त्यांनी आपलं दहा टक्क्यांवर निभावलं आणि पाटी लावली नाही. मग मोबाइलवरून औषधं मागवायची सोय आली. सरांच्या दुकानासमोरून सामानाच्या चौकोनी पिशव्या पाठीवर बांधलेली मुलं दिवसभर फिरतात, आणि पत्ता सापडला नाही की सरांनाच विचारतात.

पंचवीस सप्टेंबरला जागतिक फार्मासिस्ट दिन असतो. कॉलेजची मुलं फलक घेऊन सेक्टरातून फेरी काढतात. सरांनी त्या दिवशी 'मोफत औषध सल्ला' असं टेबल मांडलं. तीन जण आले. त्यातला एक विमा एजंट होता, एकाला रस्ता विचारायचा होता, आणि तिसरे म्हणजे सरांचे साडू. साडूंची मुलगी फार्म.डी. करते आहे. २००८ पासून सुरू झालेला हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम. शेवटचं वर्ष तर इस्पितळातच, वॉर्डात डॉक्टरांबरोबर फिरायचं, कुठलं औषध कुठल्याशी भांडतं ते सांगायचं. पदवीच्या नावातच डॉक्टर आहे. साडूंची अडचण एवढीच होती की स्थळं येतात आणि विचारतात, 'दवाखाना कुठे टाकणार?' सरांनी त्यांना फार्मासिस्टची बदलती भूमिका पाऊण तास समजावली. साडू म्हणाले, "ते ठीक. पण बायोडेटात काय लिहू?"

परवा मी दुकानात उभा होतो. सोसायटीतल्या एक काकू कागदी पाकीट घेऊन आल्या. पाकीट मोबाइलवरून मागवलेलं, सील फोडलेलं. काउंटरवर त्यांनी ते उपडं केलं. "सर, जरा बघता का? दहा मिनिटांत आलं हो, पण कुठली कधी घ्यायची काही कळेना. तुम्ही कसं छान सांगता."

पोऱ्याने माझ्याकडे पाहिलं. सरांनी चष्मा लावला. एकेक स्ट्रिप उलटीसुलटी करून वाचली. दोन निरनिराळ्या नावांच्या गोळ्यांत पॅरासिटामॉलच निघालं. त्यातली एक बाजूला काढली, डॉक्टरांना विचारल्याशिवाय दोन्ही एकदम घ्यायच्या नाहीत असं दोनदा सांगितलं. उरलेल्यांवर मार्करने सूर्य आणि चंद्र काढून दिले. काकूंचं समाधान झालं. निघता निघता त्यांना आठवलं.

"अगंबाई, कापूस राहिलाच. एक छोटा गुंडा द्या."

सरांनी कापूस दिला. काकूंनी पाकिटावरची छापील किंमत डोळ्यांजवळ नेऊन वाचली.

"यावर सूट किती?"