दुकानात पाहावे, फोनवर घ्यावे : वाशीकरांसाठी मार्गदर्शिका

कोविडच्या टाळेबंदीनंतर दुकानांची शटरे वर गेली तेव्हा बऱ्याच जाणकारांनी ऑनलाइन खरेदीच्या तेराव्याची तयारी केली होती. लोक घरात कोंडले होते म्हणून फोनवरून मागवत होते. दार उघडले की पुन्हा सेक्टर 17 च्या बाजारात जातील, असा तो साधा हिशेब. तो अर्धाच बरोबर निघाला. लोक बाजारात गेले, पण मागवायचे थांबले नाहीत. ब्रिटनमध्ये याची नीट नोंद आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये तिथल्या किरकोळ विक्रीचा साधारण पाचवा हिस्सा ऑनलाइन होता. 2021 च्या सुरुवातीला तो एक तृतीयांशाच्या वर गेला आणि दुकाने पूर्ववत झाल्यावर पाव हिश्श्याच्या आसपास येऊन टेकला. चढलेले निम्म्याहून अधिक उतरले, पण जुन्या पायरीपर्यंत काही आले नाही. याचा अर्थ एवढाच, की उघडे दुकान हे ऑनलाइन खरेदीचे बिनभाड्याचे शोरूम आहे. ते कसे वापरावे हे नागरिकांना कोणीतरी रीतसर सांगायला हवे.

पहिला धडा खरे तर सरकारनेच दिला. टाळेबंदी टप्प्याटप्प्याने उठवणाऱ्या 'मिशन बिगिन अगेन'च्या आदेशांनुसार जून 2020 मध्ये रस्त्याच्या एका बाजूची दुकाने एका दिवशी आणि समोरच्या बाजूची दुसऱ्या दिवशी उघडू लागली. कपड्यांच्या दुकानांत ट्रायल रूम बंद होत्या, विकलेला माल बदलून देण्यास व परत घेण्यासही मनाई होती. कारण संसर्गाचे होते आणि रास्तही होते. पण गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहा : शर्ट घालून बघता येत नाही, परत करता येत नाही, आणि उद्या विचार करून यावे तर दुकान नेमके बंद बाजूला. दुकानाकडे जे होते ते आदेशाने काढून घेतले. 'आवडले नाही तर परत करा' हे वाक्य फोनकडेच राहिले. पुढच्या वर्षी, 15 ऑगस्ट 2021 पासून मॉल पुन्हा उघडले, ते दोन डोस घेऊन चौदा दिवस झालेल्यांसाठी. वाशी स्टेशनजवळच्या मॉलमध्ये जीन्स घ्यायची तर दारात प्रमाणपत्र दाखवा, अठराच्या आतले असाल तर वयाचा पुरावा द्या. ॲपने कोणाला लस विचारली नाही. अशा शाळेत शिकलेले गिऱ्हाईक ट्रायल रूम पुन्हा उघडल्यावर तिचा उपयोग कशासाठी करणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही.

आता प्रत्यक्ष कृती. सुरुवात बुटांपासून करावी, कारण एका कंपनीचा आठ नंबर दुसऱ्या कंपनीचा सात असतो आणि हे गुपित पडद्यावर कळत नाही. दुकानात शिरताना चेहऱ्यावर घाई नसावी. घाई असलेला माणूस खरेच घेऊन जातो. दुकानदार स्टुलावर बसून खोका उघडेल, आतला कागदाचा बोळा काढेल, नाडी सैल करून देईल. दोन्ही पायांत घालावे, आरशापर्यंत चालून यावे, अंगठा पुढे टेकतो का ते त्यालाच दाबून बघायला सांगावे. मग बुटाच्या जिभेच्या आतल्या लेबलावरचा आर्टिकल नंबर टिपावा. फोटो काढताना कोणी पाहिलेच, तर 'घरी दाखवतो' म्हणावे. हे कारण आपल्याकडे साड्यांच्या दुकानांत पिढ्यान् पिढ्या चालत आले आहे. चार खोके उघडायला लावून पाचवा मागू नये. मार्गदर्शिकेलाही काही मर्यादा आहेत.

ही त्या दुकानदाराची फसवणूक आहे, असा आक्षेप येईल. त्यावर उत्तर असे, की पाहून न घेण्याचा हक्क गिऱ्हाइकाला आधीपासूनच होता. पूर्वी तो शेजारच्या दुकानात जाऊन बजावला जाई. फरक इतकाच, की शेजारचा दुकानदारही भाडे, वीजबिल आणि पोऱ्याचा पगार भरत होता, म्हणजे दाखवण्याचा खर्च दोघांत वाटला जाई. आता दाखवतो एक आणि विकतो दुसरा. खरा धोका वेगळाच आहे. दुकानदारही फोन बाळगतो. तो तुमच्यासमोर फोनवर तोच बूट काढून म्हणेल, 'याच भावात देतो, आत्ता घालून जा.' या परिस्थितीत काय करावे, याचे समाधानकारक उत्तर या लेखकाला सापडलेले नाही.

दुसरा आक्षेप किराण्याचा : तूरडाळ कोण दुकानात पाहून फोनवर मागवतो? मान्य. पण इथे गंमत उलट्या बाजूने आहे. एप्रिल 2020 मध्ये जिओमार्टने व्हॉट्सॲपवरून किराणा मागवण्याचा प्रयोग नवी मुंबई, ठाणे आणि कल्याणात सुरू केला, तेव्हा मागणी जायची जवळच्या वाण्याकडेच, आणि सामान आणायला जायचे आपणच. डीमार्ट रेडीची पिक-अप केंद्रेही त्याच चालीची : पोचवणावळ वाचवायची तर पिशवी घेऊन निघा. दुकानात जाऊन फोनवर घेणे आणि फोनवर घेऊन दुकानात जाणे, दोन्हींत चालणे तेवढेच. मे 2020 मध्ये वाशीच्या एपीएमसीचा घाऊक बाजार आठवडाभर बंद ठेवावा लागला, तेव्हा तर भाजीच्या ॲपलाही माल कुठून येतो हा प्रश्न पडावा, अशी वेळ होती.

तेव्हा कृतीला लागण्यापूर्वी साहित्य तपासून घ्यावे : चार्ज केलेला फोन, एक रिकामी कापडी पिशवी, आणि चालत जाता येईल इतक्या अंतरावर एक उघडे दुकान. यांतल्या पहिल्या दोन वस्तू ऑनलाइन मिळतात.