चिरंजीवांची शेती

एडिसन, न्यू जर्सी
ऑगस्ट महिना

ती. आई व ती. अण्णा, मु. चलथाण, यांस सुनेचा शि. सा. न. वि. वि.

चलथाणला असताना ज्यांनी दारचा कढीपत्ताही कधी आपणहून तोडला नाही, ते तुमचे चिरंजीव यंदा शेतकरी झाले आहेत. मागच्या अंगणात भेंडी, टोमॅटो, मेथी आणि मोठ्या हौसेने पापडी लावली. थंडीत सुरती उंधियूचा बेत होता. तो ग्राउंडहॉगला आधी कळला.

हा प्राणी तुम्ही पाहिला नसेल. चार-पाच किलोचा, बिळात राहणारा, जवळजवळ शुद्ध शाकाहारी. कुळ खारीचं, पण पाठीवर पट्टे नाहीत. म्हणजे सेतूच्या कामाला याने दांडी मारली होती. कुंपण घातलं तर खालून उकरून आत आला. मग जाळी फूटभर जमिनीत पुरून बाहेर वळवली, तर वरून चढून आला. पापडीचे वेल बुडापर्यंत साफ!

भेंडीवर जपानी भुंगेरे बसलेत. अण्णा, आपल्या उसाला हुमणी लागते ना, तिच्याच भाऊबंदांतले. अळी हिरवळीची मुळं खाते, भुंगा पानांची जाळी करतो. 1916 साली आमच्याच राज्यात, रिव्हर्टनजवळच्या रोपवाटिकेत तो अमेरिकेत पहिल्यांदा सापडला. परदेशातून येऊन न्यू जर्सीत असा बस्तान बसवणारा मी दुसरा पाहिला नाही, आणि आमच्या ओळखीत पटेल पुष्कळ आहेत. चिरंजीवांनी वासाचा सापळा टांगला. सापळ्यात पडतात त्याहून जास्त भुंगे त्या वासाने गोळा होतात, असं इथले कृषितज्ज्ञ सांगतात. ते आम्ही नंतर वाचलं, तोवर सगळ्या गल्लीचे भुंगे आमच्याकडे पंगतीला होते. आता भल्या सकाळी, ते गारव्याने सुस्त असताना, साबणाच्या पाण्यात झटकायचे. हे काम अर्थातच माझ्याकडे.

आई, तुम्ही सांगितलेलं आंबट ताक-हिंगाचं पाणीही फवारलं. भुंगे हलले नाहीत. शेजारच्या अमेरिकन आजींनी मात्र कुंपणावरून विचारलं, आज जेवायला काय केलंय? कडुनिंबाचं तेल इथे एवढ्याशा बाटलीत मिळतं. किंमत सांगत नाही, तुम्ही दारचा निंब विकायला काढाल.

टोमॅटोवर बोटभर लांब हिरवी अळी निघाली, शेपटीला शिंग. आमचा चिनू ओरडला, "हिच्या पाठीवर भात सांडलाय!" ते एका बारीक गांधीलमाशीचे कोष. तिची पिल्लं अळीला आतून खाऊन बाहेर येतात आणि पाठीवर कोष विणतात. अशी अळी मारायची नाही, कारण त्या कोषांतून निघालेल्या माश्या पुढच्या अळ्या शोधतात. आमच्या शेतावर मन लावून राबणारी तेवढी एकच.

पुढच्या वर्षी याल तेव्हा बियाणं आणू नका, विमानतळावर काढून घेतात. अण्णांनी फडातली रानडुकरं हाकलायचा आवाज तेवढा आणावा, त्याला कोणी अडवत नाही.

उंधियूसाठी गोठवलेली पापडी दुकानातून आणून फ्रीजरमध्ये मागे लपवली आहे. फोनवर बोलताना चिरंजीवांसमोर विषय काढू नका.

आपली सून